कॅलेंडरमागचा रंग

नळाची लाइन फुटली, म्हणून हॉलची भिंत फोडली
आणि दीड फूट सिमेंट उघडं पडलं.
तेवढ्यालाच रंग द्यायचा होता.
एक लिटरही लागला नसता.

जुन्या डब्यावरचा नंबर गंजाने खाल्लेला.
शेवटचे दोनच आकडे उरलेत: सात,
आणि परत सात, किंवा एक.
साखर पेठेतला दुकानदार म्हणाला,
"ताई, त्या कंपनीनं हा शेड बंद केला.
दुसऱ्या कंपनीत काढून देतो, सेम टू सेम."

सेम टू सेमचे चार पुठ्ठे.
'मॉर्निंग ओट', 'डेझर्ट व्हिस्पर', 'ओल्ड लिनन',
आणि चौथा 'काम'.
काम म्हणजे शांतता, दुकानातल्या पोराने समजावलं.
सोलापुरात सकाळी ओट कोण खातं?
मला हा रंग पाठ आहे.
ज्वारीची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली
की अर्ध्या तासाने तिचा होतो, तो.
पण भाकरी नावाचा पुठ्ठा
कुठल्याच कंपनीत नाही.

मलकप्पाने चारही लावून बघितले, पंजाएवढे चौकोन.
रात्री ट्यूबलाइटखाली दुसरा असा बसला
की तो कुठे लावलाय
ते बोटांनी चाचपून शोधावं लागलं.
सकाळी तोच गुलाबी.
दुपारी, बेचाळीस अंशांच्या उजेडात
पहिला हिरवट, तिसरा नुसता मळका,
चौथ्याबद्दल मलकप्पा काही बोललाच नाही.
"जुळूलालंय की ओ," शेवटी म्हणाला,
"पण इकडं जुळलं की तिकडं फाटूलालंय."

माझे वडील, आम्ही नायना म्हणायचो,
डाय हाऊसमध्ये होते. चाळीस वर्षं.
मालक जुन्या सुताची लडी पुढे करायचा: अस्साच पायजे.
ती घेऊन नायना उत्तरेच्या दारात जायचे,
सकाळी दहाच्या आत.
दिव्याखाली कधीच बघायचे नाहीत.
"लाल चुकला तर दिसतो," म्हणायचे,
"बिनरंगी रंग चुकला की काय चुकलं ते कळत नाही.
नुसतं घरात करमत नाही."
त्यांची नखं शेवटपर्यंत निळी.
दवाखान्यातल्या नर्सने ती तीनदा पुसून पाहिली.

पोरगा म्हणाला, भिंतीचाच तुकडा आणा,
नखाएवढा, मशीन ओळखेल.
पत्ती कुठे मारायची म्हणून
मलकप्पाने कॅलेंडर उतरवलं
आणि आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

मागे एक स्वच्छ चौकोन. फिका.
मीच निवडलेला रंग, मीच विसरलेला.
बाकीच्या भिंतीवर अकरा वर्षं बसली होती,
मिरचीच्या फोडण्या, उदबत्त्या,
पंख्याने परत परत फिरवलेली तीच धूळ,
शेजारच्या यंत्रमागांवरून उडून आलेला तंतू.
सगळीकडे सारखी, म्हणून कधी दिसली नाही.

"तुकडा इथला घेऊ का तिथला?"
हातात पत्ती धरून मलकप्पा विचारतो.

नंबर सापडला असता तरी
फक्त या चौकोनाला लागू पडला असता.
गृहप्रवेशाची सकाळ मिळाली असती, लिटरभर.
त्या सकाळी नायना इथे खुर्ची टाकून बसले होते.
बराच वेळ भिंतीकडे बघून म्हणाले,
पिवळा जरा कमी पडलाय.
मी तोंड पाडलं तर म्हणाले,
राहू दे गं. येईल आपोआप.

"अख्खी भिंतच मारू," मलकप्पा म्हणाला,
"ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत.
कोपऱ्यात डोळा भांडत नाही."

तर चार लिटर.
पोराला म्हटलं, दुसरा दे, पण पिवळा कमी टाक.
"कमी म्हणजे किती थेंब, काकू?"
भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते.
झाकणावर बोट फिरवून
मी ओला रंग पुठ्ठ्यावर घेतला
आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले.