सांधा

पाच नमुने, बिस्किटाएवढे,
सहा आठवडे खिडकीत पडून होते.
दुकानदारानं प्रत्येकाच्या पाठीवर नाव चिकटवलेलं:
पहाटेचं धुकं, ओली वाळू, मीठ,
आणि एकाचं नुसतंच 'उत्तर'.
नावं ठेवणाऱ्याचं काय जातं.

दगड नको, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं.
ग्रॅनाइट तर नकोच नको.
लहानपणी आमच्या अंगणात ते ओळीनं उभे असायचे,
काळे, चकचकीत, कोरे,
कुणाच्या तरी मरणाची वाट बघत.
शाळेला निघताना मी त्यांच्यात बघून वेणी नीट करायचे.
चाळीस वर्षं बाबांनी
अर्ध्या क्लाइपेडाची नावं दगडात कोरली.
त्याच दगडावर मी कांदा चिरू?

मग लाकूड घे, दाइनियुस म्हणाला.
लाकूड पितं, मी म्हटलं, तुझ्या काकासारखं,
आणि मग फुगून बसतं.

राहिलं हे: धड दगड नाही, धड प्लास्टिक नाही,
दगडाची भुकटी डिंकात कालवल्यासारखं काहीतरी,
थंडीतही हाताला गार न लागणारं.
त्याच्यावर मी बिटाचं गार सार सांडलं,
गुलाबी, वर शेपू,
आणि मुद्दाम रात्रभर पुसलं नाही.
कॉफी सांडली. आयोडीन.
सुरीनं एक रेघ ओढली, मग रागानं दुसरी.
'मीठ'वर तापलेला तवा टेकवला, तर पिवळी कड उमटली,
तेवढी मात्र माझी चूक.
घासा, दुकानदार फोनवर म्हणाला, बारीक कागदानं,
गोल गोल. जाईल.
गेली.

बाबांनी तो तुकडा उजेडात धरला.
घासलं की विसरतो होय हा?
मग याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?
मला तेच हवंय, बाबा.
ते काही बोलले नाहीत.
नमुना परत ठेवताना त्यांनी तो पालथा ठेवला.

मार्चमध्ये एर्नेस्टास आला, दोन लांब फळ्या घेऊन.
कोपऱ्यात त्या काटकोनात जुळवल्या,
मधे त्याच रंगाचा गोंद, वर शिकंजे.
गोंद धरेपर्यंत त्यानं बाल्कनीत उभं राहून
बंदरातल्या क्रेन मोजल्या. सोळा, म्हणाला. काल सतरा होत्या.
मग यंत्र सुरू झालं.
फ्रीजवर, केसांत, साखरेच्या डब्यावर
पांढरी भुकटी.

आता सांधा शोधा, तो म्हणाला.
मी दिवा तिरका धरला. नाही.
दाइनियुस गुडघ्यांवर बसून फळीच्या कडेला डोळा लावून बघत राहिला. नाही.
बाबा कोट घालूनच उभे होते, थांबायचं नव्हतं म्हणे.
त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले
आणि नख नसलेला तो अंगठा
फळीवरून चालवत नेला, सावकाश,
अक्षराची खोली तपासावी तसा.
सिंक ओलांडलं. कोपरा ओलांडला.
थांबले.
इथं.

एर्नेस्टासनं माझ्याकडे बघितलं.
सांधा वीतभर अलीकडे होता.
यंत्राची वायर गुंडाळत तो म्हणाला,
काका, तीस वर्षांत कुणाला सापडला नव्हता.
(पोराचं वय असेल सव्वीस.)
बाबांनी मग कोट काढला. कॉफी घेतली,
साखर दोनदा घातली,
आणि उकळतं भांडं थेट फळीवर ठेवणार
तेवढ्यात मी खाली पाट सरकवला.

ते गेले त्याला दोन हिवाळे झाले.
नाव दुसऱ्याच कुणी कोरलं,
एका अक्षराचं शेपूट जरा आखूड राहिलंय,
त्यांना खपलं नसतं.

रोज रात्री ओटा पुसते.
बिटाचे डाग जातात, चहाचे जातात,
सुरीच्या रेघा वर्षाकाठी एकदा घासून काढते.
फडकं सिंक ओलांडतं, कोपरा ओलांडतं,
आणि वीतभर पुढे, जिथं काहीच नाही,
तिथं अडकतं.