अजब बंगला, दुपारी

रिपोर्ट चारला मिळणार होता
आणि बाहेर शेहेचाळीस डिग्री.
म्हणून सायत्राआत्याला अजब बंगल्यात आणलं,
एवढ्या पैशात एवढी गार भिंत कुठे मिळते?

पेंढा भरलेल्या वाघाकडे तिनं
पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.
मुंडकं नसलेल्या मूर्तीला, सवयीनं, हात जोडले.
ताम्रपटावरची अक्षरं मलाही येत नव्हती,
तेवढ्यापुरत्या दोघी सारख्याच.

मग एका काचेपाशी ती थबकली.
बांबूच्या कामट्यांचा सापळा, खाली चिठ्ठी:
मासेमारीचे साधन. काळ अज्ञात.
‘उलटा ठेवला न बाप्पा,
असा ठेवला त मासोई घुसन कशी?’

रखवालदार खुर्चीतून उठला,
चष्मा पुसून काचेला टेकला.
‘चौदा वर्षं झाली, बाई,
कोणी काही बोललं नाही.’

आत्यानं हवेतच मनगट वळवून दाखवलं:
तोंड धारेकडे, बूड दगडाखाली.
पदर खोचलेला,
फरशीवर उभी होती
गुडघाभर वैनगंगेत.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार.
चला, रिपोर्ट आणू, असं
दोघींपैकी
कुणीच म्हणालं नाही.