गुरुवारी कोबी

गुरुवारी कॅन्टीनला कोबी असतो.
झाकण उघडलं की वास जिना चढतो
आणि थेट तराजूच्या खोलीशी येतो,
जिथे मी दार लावून, श्वास धरून
कागदाच्या चकत्या तोलतो.
आधी कोऱ्या,
मग रात्रभर पाषाणची हवा पिऊन काळवंडलेल्या.
फरक मायक्रोग्रॅममध्ये.
सव्वीस वर्षं हेच.
बायको म्हणते, वाण्यानं पन्नास ग्रॅम डाळ कमी दिली
ती मात्र तुम्हाला कळत नाही.

सगळे नाकाला रुमाल लावतात.
रुकैया परकार जिन्यात थांबते. डोळे मिटते.
"दाभोळला ओहोटी लागली ना, शिदोरेकाका,
की जेट्टीवर हाच वास."
मला वाटलं, चेष्टा करते आहे.

चेष्टा नव्हती, रसायन होतं.
समुद्रात एक हिरवं असतं, डोळ्यांना न दिसणारं.
मिठाला पुरून उरायचं म्हणून
अंगात थोडं गंधक बाळगून असतं.
त्याहून जरासं मोठं कुणी येतं, त्याला खातं,
आणि त्या खाण्यात, त्या फुटण्यात
एक वायू सुटतो. नाव लांबलचक.
वास, जास्त शिजलेल्या कोबीचा.
फार, फार विरळ केला
तर समुद्राचा.

वर ऊन त्याला गाठतं.
एकदोन दिवसांत त्याचं आम्ल होतं,
आम्लाचे रेणू एकमेकांना बिलगतात,
इतके बारीक की आमच्या यंत्राला आधी
त्यांना अल्कोहोलची वाफ पाजून फुगवावं लागतं,
मोजण्यापुरतं.
पुढे त्यांच्यावर पाणी बसतं. पुढे ढग.
म्हणजे ढगाच्या प्रत्येक थेंबाच्या पोटात काहीतरी असतंच,
धूळ, धूर, मीठ,
नाहीतर कुणीतरी कुणाला तरी खाल्ल्याचा पुरावा.
(हे वाक्य माझं.
रुकैया म्हणाली, शोधनिबंधात चालणार नाही.)

वैशाखात संध्याकाळी पुण्याचा वारा फिरतो.
गच्ची अजून पावलं भाजत असते
आणि मुळशीकडून काहीतरी गार येऊन कॉलर हलवतं.
सगळे म्हणतात, बघा, आमच्या पुण्याची हवा.
अहो, तुमची कसली.
दुपारी ती हर्णैला होती.

त्या रात्रीची चकती आम्ही धुतली,
पाणी यंत्रात सोडलं,
पडद्यावर रेघ सरकू लागली.
क्लोराइड. नायट्रेट. सल्फेटचा सुळका,
पण सल्फेट कुणाचंही असतं,
चांदणी चौकातल्या ट्रकचं, कोळशाच्या भट्टीचं.
रुकैयाचं बोट त्यांच्याही आधी, डावीकडे थांबलं होतं.
तिथे एक उंचवटा.
वेताळ टेकडीपुढे मुंग्यांचं वारूळ, एवढासा.
"हे आम्ल," ती म्हणाली, "गाडी करत नाही, भट्टी करत नाही.
हे तिकडचंच."
तिकडचं म्हणजे कुठलं, मी विचारलं नाही.

कोरी चकती तपासली. कोरीच होती.
पुन्हा नमुना सोडला. उंचवटा आला.
तिसऱ्यांदा आला
की रेघच जरा थरथरली, सांगणं कठीण.
रात्रीचे साडेनऊ झाले होते,
मेसचा डबा बाकावर गार झाला होता,
आणि ती पडद्याकडे बघत होती
जसं गर्दीत ओळखीचं कुणी दिसल्यासारखं झालं,
पण हाक मारावी तर खात्री नाही.

आमच्याकडे अशा आकड्यासाठी नियम आहे.
एका मर्यादेखाली, काहीच नाही.
दुसऱ्या मर्यादेवर, आकडा लिहा.
मधल्या पट्टीत असेल तर
आकडा लिहायचा नाही, शेरा लिहायचा.

तिनं नोंदवहीत लिहिलं,
आहे. मोजण्याइतका नाही.

वही माझ्याकडे सरकवली.
मी वजनाचा रकाना रिकामा सोडला
आणि खाली सही केली.