दोन बोटं

गोवळकोटला चिरा भरला तेव्हा
पाणी पडावाच्या पांढऱ्या रेघेला टेकलेलं.
दाभोळच्या धक्क्यावर तीच रेघ
दोन बोटं वर, वाळत चाललेली.

मी खातूशेटचा कारकून, नवा,
मिसरूड नुकतं फुटलेलं.
म्हटलं, हुसेनमिया, चिरे वाटेत कुठे उतरवलेत?

परकार बोलला नाही.
बालदीभर खाडी ओढून घेतली. म्हणाला, चाख.
मग गोवळकोटहून आणलेलं मडकं. हेही चाख.
औषधाच्या बाटलीत वाळू घालून, बूच मारून
मडक्यात सोडली. नुसतं बूच वर राहिलं.
बालदीत सोडली
तर गळा सगळा बाहेर काढून
डुलत राहिली, कुणाची वाट बघितल्यासारखी.

खारं पाणी जड, तो म्हणाला,
थोडं सारलं तरी पुरतं.
गोडं हलकं, जास्त सारावं लागतं,
म्हणून पडाव खोल बसतो.
आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला झालं
की थांबतो बिचारा.
यात चोरी कुठाय?

तरी मी चिरे मोजले. उन्हात, एकेक.
त्यानं मोजू दिले, विडी ओढत.
सातशे बारा.
पावतीवर, माझ्याच अक्षरात,
सातशे बारा.

पुढे घाट चढून गेलो. कऱ्हाडात बत्तीस वर्षं.
काट्यावरचा आकडा फारसा हलला नाही,
पण तिथे मी कायम
दोन बोटं खाली बसायचो.
कसलं ओझं घेऊन फिरतोस, कुणी विचारलं
की पेल्यातलं पाणी चाखून बघायचो.

गोडं.