नऊ इंच

समुद्र इथून सत्तर मैल.
आणि माझ्या कुंपणापलीकडे क्लिफर्ड बॅगली
दीपगृह बांधत होता.

दीपगृह कसलं, शेडच ती.
खुरपं, फावडं, गवत कापायचं यंत्र,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले डेलियाचे कंद,
बागेतल्या शेडमध्ये ठेवून ठेवून माणूस काय ठेवणार?
माझ्या शेडला एक दार, एक कडी,
रंग दुकानातून आली तेव्हा होता तोच.

पण त्या वर्षी डर्बीशरच्या आमच्या गल्लीत
साथच आली होती.
निवृत्त टपालवाला बेव्हिस डबल-डेकर बसचा
वरचा मजला तेवढा विकत घेऊन आला
आणि टोमॅटोंना पुढच्या बाकावर बसवलं,
तिथून रस्ता चांगला दिसतो म्हणून.
ऑलिव्ह प्रिचर्डनं मोडीत निघालेल्या चर्चमधली
कबुलीजबाबाची पेटी आणली.
जाळीच्या एका बाजूला खत, एका बाजूला ती.
म्हणायची, खताला काहीही सांगता येतं.

क्लिफर्ड चाळीस वर्षं वॉशबेसिनच्या कारखान्यात.
समुद्र त्यानं पाहिला एकदाच, सातव्या वर्षी,
दाट धुक्यात. म्हणजे पाहिला नाहीच.
ऐकला.
आणि वीस मोजले की एक उजेड यायचा,
तेवढा लक्षात राहिला.

गोल भिंतीला सरळ फळी वाकेना,
म्हणून घरातल्या टबात भिजत घातल्या फळ्या.
तीन आठवडे ग्वेनिथ आमच्याकडे आंघोळीला.
साबण स्वतःचा आणायची.
नवऱ्याबद्दल एक शब्द नाही,
फक्त जाताना विचारायची, "तुमचं पाणी बरंय हो, कुठल्या बॉयलरचं?"

मग पांढरे-तांबडे पट्टे. मग घुमट.
मग जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर फिरणारा दिवा.
पहिल्या रात्री सगळी गल्ली गाऊनमध्ये बाहेर.
बेव्हिसनं टोपी काढली.

कोणीतरी तक्रार केली.
(मीच. आता सांगायला हरकत नाही.
दर वीस सेकंदांनी माझं कपाट उजळायचं,
आतला एकुलता एक सूट दिसायचा,
पुढचं कोणाचं अंत्यदर्शन, असं विचारल्यासारखा.)

कौन्सिलकडून मिस ओसेई आली, टेप घेऊन.
कुंपणालगत अडीच मीटर, त्यावर नाही.
तिनं तीनदा मोजलं,
दरवेळी कमी भरेल अशा आशेनं.
नऊ इंच जास्त.

घुमट छाट, म्हणाले लोक. दिवा उतरव.
क्लिफर्ड दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी पहाटे
जमिनीत फावडं घातल्याचा आवाज आला.

मनोरा छाटायचा नाही,
मनोऱ्याखालची माती छाटायची.

माझ्या शेडमध्येही फावडं होतंच.
काय करणार, गेलो.
बेव्हिसनं बसचा जॅक आणला,
ऑलिव्हनं काही न विचारता बादल्या उपसल्या,
चिकणमाती, जुन्या पाइपांचे तुकडे, एक निळी बरणी.
मनोरा नऊ इंच उतरला. बरोबर नऊ.
आतला खड्डा मात्र तीन फुटांवर गेला.
हात चालायला लागले की क्लिफर्डला थांबता येत नाही,
आणि मला, त्या दिवसापुरतं, थांबायचंच नव्हतं.

मिस ओसेई परत आली. मोजलं. सही केली.
मग आत उतरली, उपड्या बादलीवर बसली,
ग्वेनिथनं चहा दिला.
गोल खिडकीतून डोळ्यांच्या रेषेत थेट जमीन:
लीकच्या पातींचे बुंधे, एक गोगलगाय,
वाऱ्यानं हलणारं सगळं, खालून.
चहा गार होईपर्यंत ती बोलली नाही.
मग म्हणाली, "इथून घरं दिसतच नाहीत."

आता तो उजेड कुंपणाला अडतो.
माझी खोली काळोखी, हवी होती तशी.
पडल्या पडल्या मी वीसपर्यंत मोजतो,
काही येत नाही, पुन्हा एकपासून.

काल दुपारी कात्री काढली
आणि कुंपण छाटलं.
नऊ इंच.