सातवी पिन

देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या आत,
चिकूच्या झाडाखाली
बावीस वर्षं उभी होती ती कॅरॅव्हॅन.
चाकांचं रबर मातीत मुरलेलं,
पत्र्यावर कबुतरांचा चुना.
पेसीशेठचा पुतण्या म्हणाला, "ताई, रंग मी देतो.
तुम्ही फक्त लाईट पेटवा."

फक्त.

मी सातपूरच्या आयटीआयची. दाखल्यावर
'वायरमन' आणि त्याखाली 'कुमारी हेमलता गांगुर्डे'.
घरं केलीत, पोल्ट्र्या केल्यात,
निफाडला द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज.
पण घर जागचं हलत नाही.
हिच्यात दोन विजा नांदतात:
एक दोनशे तीसची, मुक्कामाला पोचल्यावर
कुणाच्या तरी बोर्डातून मागून घ्यायची;
दुसरी बाराची, बॅटरीतली,
वाटेत पुरवून पुरवून वापरायची.
छप्पर एक, चुली वेगळ्या.
चुकून एकीचा हात दुसरीला लागला
तर बारावाली राख.

कपाटामागची फळी काढली.
लाल तारा गुलाबी पडलेल्या,
हिरवी आणि निळी यांचं धुळीत एकमत झालेलं.
प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी,
पेन्सिलीनं, गुजरातीत.
पुतण्या वाचत गेला: रसोडुं. पंखो. पलंग पासे बत्ती.
मग एकीवर: शिरीनने पूछवुं.
शिरीनला विचारणे.
"काकी गेल्या," तो म्हणाला, "दोन हजार नऊला."

पलीकडे रेंजवर तोफांचा सराव.
दर धडाक्याला पत्रा दचकायचा, मीही.

नवी बॅटरी लावली. पाच दिवे,
पाचही तापातल्या डोळ्यांसारखे.
फ्यूज पाहिले, होल्डर घासले,
बल्ब बदलण्यात त्याचे चारशे रुपये घालवले.
तिसऱ्या दिवशी गोणपाट टाकून खाली शिरले.
चासीला निगेटिव्ह जिथे बोल्टनं कसलेली
तिथे गंजाचं पोळं.
म्हणजे वीज जात होती नीट,
तिला परतायला वाट नव्हती.
पॉलिश पेपर, नवा वॉशर, बोटभर व्हॅसलीन.
आतून पुतण्या ओरडला,
शब्द नव्हता, नुसताच ओरडला.

राहिली ती एक तार.
पलंगाखालून निघते, पुढे जाते,
मोटारीला जोडायच्या गोल प्लगात शिरते.
डावं, उजवं, ब्रेक, दोन टेल, अर्थिंग:
सहा पिनांचा हिशोब लागला.
ही सातवीवर.
मागचं टोक उशाशी, दारावरच्या बेलचं बटण,
जुन्या दातासारखं पिवळं.
पिनवर टेस्ट लॅम्प धरून मी म्हटलं, दाब.
पेटला.
सोड.
विझला.

शेडमध्ये अजून ती अँबॅसॅडर आहे.
डॅशबोर्डखाली बझर सापडला, मुंगळ्यांनी भरलेला.
झटकून जोडला, तर कसारा घाटातल्या ट्रकसारखा खोकला,
मग वाजला.
मागे पडलेल्या बाईनं
पुढे चालवणाऱ्याला हाक मारायची, एवढंच.

"एकदा दाबलं की थांब, दोनदा दाबलं की चल,
असंच असणार ना?" पुतण्या विचारत होता.
मला काय ठाऊक.

बाकी चिठ्ठ्या मी बदलल्या, मराठीत, मार्करनं.
ती एक तेवढी तशीच ठेवली.
बिलात लावली नाही.