उलट सरकवलं तर

सतरा वर्षं मी लग्नांचं मिक्सिंग केलं,
इतवारीत, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत.
नवरी बदामातून यायची, नवरदेव पाकळ्यांतून,
आणि मधेच दोघं गरगर फिरत
ताजमहालाच्या मागे जायचे.
कशाला, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग मोबाइल आले, आणि भाच्यांनी
आपापल्या मावश्यांची लग्नं फुकटात कापली.

एक्केचाळिसाव्या वर्षी सक्करदऱ्यात क्लास लावला.
वेबसाइट हलवायला शिकायचं.
वर्गात सगळी पोरं. मला काका म्हणतात,
की-बोर्डवरचा महिरपी कंस शोधून देतात.
खोब्रागडे मॅडमनी माझं पहिलं पान बघितलं:
अक्षरं उड्या मारत होती, संत्री पडत होती,
बटणावर बोट ठेवावं तर बटणच पळत होतं.
"गोवर्धनजी," मॅडम म्हणाल्या,
"हलून राहिलं, हे खरं.
पण काहून हलून राहिलं?"

त्या दुपारी लाइट गेली. मे महिना.
कूलर गप्प झाला, वाळ्याचा वास तेवढा उरला.
पंखा मात्र लगेच थांबला नाही.
आधी पाती दिसू लागली, मग एकेक पातं,
मग पात्यावरची धूळ,
आणि शेवटचा अर्धा फेरा असा,
जसा पाहुणा निघता निघता चप्पल शोधतो.
"हे लिहून घ्या," मॅडम म्हणाल्या. "असं थांबायचं."
सतरा वर्षं मी सगळं एका झटक्यात तोडत आलो होतो.

शेवटच्या प्रोजेक्टला बडग्या घेतला.
बघणाऱ्यानं आपली पीडा लिहायची,
ती बडग्याच्या पाठीवर चिकटते,
आणि बोट सरकेल तशी मिरवणूक सरकते.
तीन आठवडे नुसत्या गर्दीवर गेले:
पुढची माणसं भरभर, मागची हळू,
घरं त्याहून हळू, आभाळ जवळजवळ नाहीच.
शेवटी आग.
आगीत मी चाळीस ठिणग्या घातल्या होत्या,
मॅडमनी सदतीस काढायला लावल्या.

क्लासखाली टेंभऱ्यांचा तर्री-पोह्याचा ठेला.
गिऱ्हाईक ओसरल्यावर मोबाइल त्यांच्या हाती दिला.
त्यांनी फडक्याला हात पुसले,
तरी काचेवर तर्रीचा लाल ठसा.
"काय लिहू?"
"जे जावंसं वाटते ते."
खूप वेळ लावला. मी रस्त्याकडे पाहत राहिलो,
मग पाहिलंच:
सुरेंद्र फोन नाही करत.

बोट सरकलं. बडग्या निघाला.
टेंभऱ्यांना गच्चीवरची बाई सापडली, हसले.
बापाच्या खांद्यावरचं पोरगं सापडलं.
"आम्ही पण असंच नेत होतो त्याले."
मग आग लागली.
'फोन' गेलं, 'नाही करत' गेलं,
सुरेंद्रच्या उकाराला धग लागते तोच
टेंभऱ्यांनी बोट उलट ओढलं.

राख जुळून आली. ज्वाळा लाकडांत शिरल्या.
ढोलवाले पाठमोरे चालत इतवारीकडे,
पोरगं पुन्हा खांद्यावर,
नाव जसंच्या तसं.

हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.
गोष्ट बोटाला बांधली होती एवढंच;
बोट मागेही जातं, हे सुचलंच नव्हतं.

"राहू द्या ना जी," ते म्हणाले. "तेवढंच तं आहे."
आणि पोह्यांवर झाकण ठेवलं.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं,
आग लागल्यावर मागची वाट बंद करायची का?
एका ओळीचं काम आहे.
खरी मारबत कधी परत येते का, पोरं म्हणाली.
बरोबर आहे.
मी ती ओळ लिहिली.
कर्सर तिच्या शेवटाशी लुकलुकत राहिला.
खाली टेंभरे कढई घासत होते,
घासून झालेलीच परत घासत असावेत, इतका वेळ.

मग ओळीच्या सुरुवातीला गेलो
आणि दोन तिरप्या रेघा मारल्या.
पुसली नाही.
आहे तिथेच आहे,
फक्त चालत नाही.